जोत्यावर थांबलेल्या घरांसाठी एका गवंड्याचे खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री व सचिव,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी गवंडी आहे. धाराशिव जिल्ह्यात, किल्लारीपासून एसटीने दीड तासावर आमचे गाव. थापी हातात घेतल्याला 26 वर्षे झाली. एवढ्या काळात घरकुलाची साठ-पासष्ट घरे माझ्या हातून उभी राहिली. आधी इंदिरा आवासची, मग रमाईची, काही शबरीची आणि 2016 पासून प्रधानमंत्री आवासची. कुणाच्या घराचा पाया किती खोल आहे, कुणाच्या स्लॅबात किती गज पडले आणि त्या गजांचे पैसे कुठून आले, हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहितोय. आपण ते वाचावे, आणि ज्यांची घरे अशीच अडकली आहेत त्यांनीही वाचावे, यासाठी सगळ्यांसमोर ठेवतोय.

निमित्त नोटिशीचे आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या 11 कुटुंबांना तालुक्याहून नोटिसा आल्या. मजकूर सगळ्यांना एकच. घरकुलाचा पहिला हप्ता घेऊनही बांधकाम केलेले नाही, 15 दिवसांत काम पूर्ण करा, नाहीतर रक्कम भरा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. या 11 पैकी सात घरे जोत्यावर थांबली आहेत, म्हणजे पाया भरून जमिनीच्या वर आला, पण भिंती नाहीत. उरलेल्या चौघांकडे घर बांधायला जागाच नाही. मी अकराही दारांत जाऊन आलो. हप्त्याचे पैसे कुणी मोटारसायकलीत घातलेले नाहीत की लग्नात उडवलेले नाहीत.

त्यातली एक नोटीस मी स्वतः वाचून दाखवली. आमच्या वाडीवर एक मावशी राहतात, त्यांना लिहिता-वाचता येत नाही. 2018-19 च्या आवास प्लस सर्वेक्षणात त्यांचे नाव आले, मंजुरी यंदा मिळाली. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात मोठा कार्यक्रम झाला, 20 लाख मंजुरीपत्रे निघाली, 10 लाख लोकांना पहिला हप्ता गेला. त्या 10 लाखांत मावशी होत्या. मंजुरीपत्राला त्यांनी लॅमिनेशन करून घेतले आहे. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर जुना पत्र्याचा निवारा पाडला, त्याच जागेवर मी आखणी केली, पाया खोदला, जोते भरले. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, तेव्हापासून मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे जोत्यावर ताडपत्री बांधून राहतात. चार कोपऱ्यांत मी उभे केलेले गज आता तांबडे पडलेत. लेकरांच्या डोळ्याला लागू नये म्हणून गजांच्या टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या खोचल्यात. नोटीस ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "मी काय पळून चालले का रे बाबा? माझं घर हितंच हाय की, अर्धं."

आता या अर्ध्या घराचा हिशेब बघा.

जोते भरेपर्यंत 54 हजार रुपये लागले. पहिला हप्ता 15 हजारांचा. म्हणजे 39 हजार रुपये मावशींनी आधी स्वतःचे घालायचे, जोते झाल्याचा फोटो निघायचा, मग दुसरा हप्ता. ज्या घरात 39 हजार रुपये बाजूला पडलेले असतात, त्या घराचे नाव या यादीत येतच नाही. यादीच मुळी ज्यांच्याकडे काही नाही त्यांची आहे. मग ते पैसे कुठून येतात? मावशींच्या मुलाने जूनमध्ये मुकादमाकडून 40 हजारांची उचल, म्हणजे पुढच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली. ऊसतोडीची उचल एरवी पोळ्यानंतर घ्यायची असते, त्याने जोत्यासाठी आधीच घेतली. येणाऱ्या हंगामात नवरा-बायकोचा एक कोयता सहा महिने ऊस तोडेल, तो त्या जोत्याच्या दगड-सिमेंटपोटी. हंगामाला निघताना दरवर्षी उचलीतून म्हाताऱ्या आईसाठी ज्वारी, तेल, औषधे भरून ठेवायचे, ते पैसे यंदा पायात गेले आहेत.

माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. घरकुल योजनेत घर आधी आणि पैसा मागून, असा क्रम लावलेला आहे. गरिबाला या क्रमाने घर बांधता येत नाही. तो बांधतो तेव्हा कर्ज काढून बांधतो, आणि कर्ज मिळाले नाही तर जोत्यावर थांबतो. थांबला की त्याला नोटीस येते.

मावशींच्या जोत्याचा फोटो 10 जूनला निघाला. गृहनिर्माण अभियंता आले, मावशींना जोत्यासमोर उभे केले, मोबाइलवर जिओ टॅगिंग केले. आज 14 ऑगस्ट आहे. दुसरा हप्ता आलेला नाही. चौकशीला गेले की कधी सर्व्हर बंद, कधी निधी वरून आला नाही, कधी आधारला जोडलेले खाते दुसरेच निघते. मी स्वतः मावशींना घेऊन तीन चकरा मारल्या. प्रत्येक चकरेला माझा दिवस मोडतो आणि मावशींचा रोजगार बुडतो. दोन महिने हप्ता थकवणारे कार्यालय आणि 15 दिवसांची मुदत देणारे कार्यालय एकच आहे, हे मावशींना समजावून सांगताना मला शब्द सापडेनात.

आणि मुदतीचे म्हणाल, तर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मंजुरीपासून 12 महिन्यांत घर पूर्ण करावे असे आहे. फेब्रुवारीत मंजूर झालेल्या घराला ऑगस्टमध्ये गुन्ह्याची भीती कोणत्या आधाराने दाखवली जाते? त्याच सूचनांप्रमाणे हप्ते किमान तीन असावेत, आणि पहिल्यानंतरचे हप्ते कोणत्या टप्प्याला द्यायचे हे ठरवण्याची मोकळीक राज्याला आहे. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायचे कारण नाही. हा क्रम आपल्या सहीने बदलू शकतो.

दुसरी गोष्ट रकमेची. 2016 ला ही योजना आली तेव्हा सपाट भागात घरामागे 1 लाख 20 हजार ठरले. 2024 मध्ये केंद्राने योजना 2029 पर्यंत वाढवली, आणखी 2 कोटी घरे जाहीर केली, रक्कम मात्र तीच ठेवली. माझ्या वहीत 2016-17 चे भाव आहेत. सिमेंटची गोणी 270-280 ला होती, मी मजुरी चौरस फुटाला 160 घेत होतो. आज गोणी 370 ला पडते आणि माझी मजुरी 300 आहे. ती मी वाढवली नसती तर माझ्या हाताखालचे मिस्त्री आणि बाया पुण्याला निघून गेल्या असत्या. निम्मे गेलेच आहेत.

25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. एक खोली, स्वयंपाकाची जागा. एवढ्या घराला स्लॅबासह साधारण 110 गोण्या सिमेंट लागते, 8 क्विंटल लोखंड, साडेसात हजार विटा, 5 ब्रास वाळू, 4 ब्रास खडी. सिमेंटचे 40 हजार, लोखंडाचे 48 हजार, विटांचे 60 हजार, खडीचे 14 हजार, सेंट्रिंगसह मजुरी 80 हजार, खोदाई-मुरूम 12 हजार, दारे-खिडक्या आणि वायरिंग 25 हजार. वाळू फुकट धरली तरी वाहतुकीचे 10 हजार. बेरीज 2 लाख 90 हजारांच्या आसपास जाते, शौचालय वेगळे. यात कसलीही चैन नाही. फरशी धरलेली नाही, खाली कोबा आहे. बाहेरून गिलावा धरलेला नाही.

मिळतात किती? 1 लाख 20 हजार योजनेचे. रोजगार हमीचे 90 दिवस, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28 हजार 80. राज्याने यंदा 50 हजार वाढवून दिले, त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी भाव वाढलेत हे मान्य केले. पण त्यातले 35 हजार घरासाठी आणि 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. म्हणजे घरात पडणारे 1 लाख 83 हजार. वरचा लाखभर रुपया कोण देणार, हा प्रश्न कागदावर कुठेच विचारलेला नाही. प्रत्यक्षात तो मुकादम देतो, सावकार देतो, बचत गट थोडा देतो. विटभट्टीवाला उधारी देतो आणि मग त्याच्या भट्टीवर कामाला जावे लागते. काही वेळा मी मजुरी थांबवतो. आजघडीला गावात माझी 1 लाख 70 हजारांची मजुरी येणे आहे, सगळी घरकुलांची. ती मी मागायला जात नाही, कारण त्यांच्याकडे नाही हे मला दिसते.

योजनेत 70 हजारांपर्यंत सवलतीच्या व्याजाने कर्जाची सोय लिहिलेली आहे. माझ्या साठ-पासष्ट घरांत एकालाही ते मिळालेले नाही. एका कुटुंबासोबत मी बँकेत गेलो होतो. तिथे अशी काही सोय आहे हेच माहीत नव्हते. त्यांनी तारण मागितले. तारणाला द्यायला त्यांच्याकडे तेच घर होते, जे बांधायचे होते.

तिसरी गोष्ट हंगामाची, आणि ही आमच्या भागातली माणसे नीट जाणतात. धाराशिव, बीड, लातूरच्या काही भागांत गावेच्या गावे दसरा-दिवाळीला ऊस तोडायला निघतात ती चैत्रात परत येतात. घर बांधायचे तर ते निघण्याच्या आत किंवा परतल्यावर पावसाच्या आत. हातात कोरडे दिवस मिळतात दोन-अडीच महिने. मंजुरी आली फेब्रुवारीत, तेव्हा अर्धे लाभार्थी कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. पहिला हप्ता खात्यात पडला, माणूस सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकात. फोटोला लाभार्थी समोर उभा पाहिजे, आणि लाभार्थी तर 300 किलोमीटरवर उसात. माझ्या माहितीतला एक जण फोटोसाठी उचल फिटायच्या आत परत आला, तर मुकादमाने त्याचे बैल ठेवून घेतले. या लोकांची नावे सरकारकडे आहेत. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडेच दिले होते, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. एकाच टेबलावर दोन याद्या आहेत, एक ऊसतोड कामगारांची आणि एक घरकुल लाभार्थ्यांची. कुणीतरी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

चौथी गोष्ट जागेची. नोटीस आलेली ती चार कुटुंबे याच्यात अडकली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक कुटुंब तीन भावांचे. गावठाणात वडिलोपार्जित दोन खणांची जागा, आठ नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, अजून आजोबांचे नाव. वारस लावायला तिघांच्या सह्या हव्यात, एक भाऊ भिवंडीला आहे आणि येत नाही. दुसरे कुटुंब शेतातल्या वस्तीवर, दुसऱ्याच्या बांधावर. तिसरे आणि चौथे गायरानात. त्यांच्या आजोबांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला, आणि बाहेर आल्यावर त्या गायरानात झोपडी घातली. साठ वर्षे झाली. लाइट बिल आहे, मतदार यादीत नाव आहे, घरपट्टी भरतात, पण जागा त्यांची नाही.

1 जानेवारी 2011 पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण आपल्याच विभागाने 2018 मध्ये काढले. 2022 मध्ये उच्च न्यायालयापुढे गायरानाचा विषय आला, तेव्हा गावोगाव अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा निघाल्या. एकाच झोपडीला एका वर्षी नियमानुकूल करू असे सांगितले, एका वर्षी काढून टाकू असे, आणि आता तिसऱ्यांदा इथे घरकुल का बांधले नाही म्हणून गुन्हा दाखल करू असे. यातल्या एका कुटुंबाने तिन्ही कागद एकाच पिशवीत जपून ठेवलेत. पिशवी मी पाहिली आहे.

जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता 1 लाखापर्यंत मदत मिळते, 500 चौरस फुटांसाठी. योजना चांगली आहे. पण गावात एवढीशी जागा विकतो कोण? अर्ध्या गुंठ्याची खरेदी रजिस्टरला करायला गेले की तुकडेबंदीची, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकायला असलेल्या बंदीची, अडचण सांगितली जाते. रस्त्याकडेची जागा एका लाखात येत नाही, आणि मागासवर्गीय कुटुंब शेजारी नको म्हणून लाखाला आलेली जागाही मोडते. हे आमच्या गावात घडले आहे. लिहायला लाज वाटते, पण घडले आहे.

24 एप्रिल 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, लोकांना मालकीच्या सनदा मिळू लागल्या. ज्यांना मिळाली त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक मी पाहिला आहे. सनद हातात आल्यावर एका बाईने मला विचारले होते की आता दिराला हाकलता येईल का मला इथून. नाही येणार, असे मी सांगितले. पण ड्रोन गावठाणापुरताच उडाला. वस्त्या, वाड्या, गायरानातली घरे आणि तांड्यांचे वाढीव भाग त्याच्या बाहेर राहिले, आणि घरकुलाची निम्मी यादी तिथेच राहते.

मालकीबद्दल आणखी एक. घरकुल बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचे, असे योजनेतच आहे. मंजुरीपत्रावर तसे असतेही. पण घर झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नोंद करताना पुन्हा एकट्या नवऱ्याचे नाव चढते, कारण जुन्या जागेची नोंद त्याच्या नावाने असते. माझ्या हातच्या घरांपैकी किती घरांच्या आठ नंबरला बाईचे नाव आहे, हे मी गेल्या महिन्यात मुद्दाम विचारत फिरलो. 40 घरांत विचारले. नऊ निघाली.

वाळूचे थोडक्यात सांगतो. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत, हा निर्णय उत्तम आहे. आमच्या बाजूला ठरवून दिलेला नदीवरचा वाळूघाट 38 किलोमीटरवर आहे. पास मिळेपर्यंत पाऊस आला आणि नदीला पाणी आले. सात जोत्यांपैकी एकालाही वाळू मिळालेली नाही. सगळी कच, म्हणजे दगडाचा चुरा, वापरून झाली आहेत.

आता माझ्या कामाचे, कारण हे आपल्याला कागदावर दिसणार नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी 12 वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. आमचे घर दगड-मातीच्या दोन फुटी भिंतींचे, वर माळवद. माझी आजी आतल्या खोलीत होती. ती भिंत आतल्या बाजूला पडली. पुढची दोन वर्षे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली, आणि वडील तिथेच पुनर्वसनाच्या कामावर बिगारी म्हणून लागले. गावात अभियंते यायचे, गवंड्यांना शिकवायचे: कोपऱ्यात गज उभे करा, जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावर चारी भिंतींवरून आरसीसीचा पट्टा फिरवा, म्हणजे हादरा बसला तरी भिंती एकमेकींना धरून राहतात. आम्ही त्याला बेल्ट म्हणतो. गावोगावी बायकांना संवाद सहायक नेमले होते, त्या घरोघर जाऊन लोकांना सांगायच्या की बेल्टशिवाय भिंत पुढे नेऊ देऊ नका. ही विद्या वडिलांनी तिथे घेतली, मला दिली, मी माझ्या पोरांना देतोय.

ज्या घरात पैसा कमी पडतो, तिथे सगळ्यात आधी कापला जातो तो बेल्ट. कारण तो दिसत नाही. स्लॅब नसला तर फोटोत कळते, दार नसले तर कळते, बेल्ट गिलाव्याखाली जातो. मालक हात जोडून म्हणतो, मिस्त्री, एवढे लोखंड स्लॅबाला राहू द्या. दोन घरांत मी ऐकले. दोन घरे मी बेल्टशिवाय बांधली, किल्लारीच्या दीड तासावर, ज्याची आजी भिंतीखाली गेली त्या माणसाने. ती कुणाची घरे आहेत हे मी सांगणार नाही, पण रात्री ढग गडगडले तरी मला जाग येते. अभियंता त्या घरांवर आले होते. फोटो काढून गेले. त्यांचाही दोष मी काढत नाही, एकेका माणसाकडे इतकी गावे आहेत की फोटो काढण्यापलीकडे वेळच उरत नाही. योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, आमच्या भागातल्या काही पोरांनी ते केलेही आहे. पण शिकलेल्या गवंड्याला घरकुलाच्या कामावर काही अधिकार नाही, तो एक शब्दही कागदावर लिहू शकत नाही.

माझ्या मागण्या मी साध्या शब्दांत लिहितो.

एक, जोत्यावर किंवा लिंटलवर, म्हणजे दारा-खिडक्यांच्या डोक्यापर्यंत येऊन, थांबलेल्या घरांना आणि जागाच नसलेल्या कुटुंबांना दिलेल्या नोटिसा मागे घ्या. जिथे सरकारचा हप्ता थकलेला आहे तिथे मुदतीचे दिवस मोजूच नका.

दोन, प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा सुरू होण्याआधी द्या. जोत्याचे पैसे जोत्याआधी, स्लॅबाचे स्लॅबाआधी. पहिला हप्ता निदान जोते पूर्ण होईल एवढा असू द्या. आजच्या भावाने तो 50 हजारांच्या खाली नको. कुणी पैसे घेऊन पळेल अशी भीती असेल तर पुढचा हप्ता रोखून धरा, पण सुरुवातच अडवू नका.

तीन, टप्प्याचा फोटो चढल्यापासून 15 दिवसांत पैसे खात्यात पडले पाहिजेत. नाही पडले तर का नाही, हे लेखी कारण लाभार्थ्याला द्या. आम्हाला नोटीस लेखी येते.

चार, घराच्या रकमेचा दर दरवर्षी बांधकामाच्या भावाप्रमाणे ठरवा. रोजगार हमीची मजुरी दरवर्षी बदलते, सरकारी बांधकामाचे दर बदलतात, हा एकच आकडा 2016 चा का?

पाच, ऊसतोड कामगार लाभार्थ्यांसाठी वेगळे वेळापत्रक करा. मंजुरी आणि पहिला हप्ता होळी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान, माणूस परतताना हातात पडेल असा. हंगामातले सहा महिने 12 महिन्यांच्या मुदतीत धरू नका, आणि फोटोला घरातले कुणीही सज्ञान माणूस चालू द्या.

सहा, घर मंजूर करण्याआधी जागेचा प्रश्न सोडवा. 2011 पूर्वीची गायरानातली राहती घरे नियमानुकूल करायची की पर्यायी जागा द्यायची, हे ग्रामपंचायतनिहाय तारीख टाकून जाहीर करा. वस्त्यांची मोजणी करा. 500 चौरस फुटांच्या घरकुल खरेदीला तुकडेबंदीची अडचण येणार नाही, असा स्पष्ट आदेश प्रत्येक दुय्यम निबंधकाच्या टेबलावर जाऊ द्या.

सात, घर पूर्ण झाल्याचा शेवटचा हप्ता देतानाच नमुना 8 चा उतारा जोडायला लावा, ज्यावर बाईचे नाव असेल.

आठ, आमच्या भूकंपाच्या पट्ट्यात बेल्टचे लोखंड आणि सिमेंट अनुदानात वेगळे धरा, आणि लिंटलचा बेल्ट भरतानाचा फोटो सक्तीचा करा. प्रशिक्षित गवंड्याची सही त्या टप्प्याच्या कागदावर घ्या. मी सही करायला तयार आहे. चुकलो तर माझ्यावर कारवाई करा.

वाळूबद्दल एकच मागणी आहे, ती घाटावर देण्याऐवजी पावसाळ्याआधी गावात आणून टाका.

नोटिशीची मुदत पोळ्याच्या आसपास संपते. दसरा 2 ऑक्टोबरला आहे, त्यानंतर आमच्या वाडीवरच्या टोळ्या निघतील. मावशींचा मुलगा-सून निघतील, लेकरे त्यांच्यासोबत जातील, मावशी एकट्या ताडपत्रीत राहतील. दुसरा हप्ता या महिन्यात आला तर भिंती मी 12 दिवसांत वर नेतो, पाऊस उघडला की स्लॅब टाकतो, मजुरीचे नंतर पाहू. माझी माणसे तयार आहेत, सेंट्रिंगच्या फळ्या मी दुसऱ्या कामावर दिलेल्या नाहीत.

आपला,
एक गवंडी
धाराशिव जिल्हा, 14 ऑगस्ट 2025